दंड बघणाऱ्याला कशाला?



फुकट सिनेमा डाउनलोड करणाऱ्या प्रत्येकाला दंड ठोकावा, हे एका पत्रलेखकाचे म्हणणे मला मुळीच पटले नाही. 2016 मध्ये ‘सैराट’ थिएटरांत हाऊसफुल्ल असतानाच आपल्या सातारा-सांगलीत तो मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात भरून मिळत होता. दहा-वीस रुपये मोजणाऱ्या पोराला पकडून काय साधले असते? फ्रान्सने 2009 मध्ये फुकट डाउनलोड करणाऱ्या ग्राहकाचे इंटरनेट तोडण्याचा कायदा केला. 2013 मध्ये ती शिक्षा रद्द करावी लागली. आपल्या 2023 च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीत चोरून चित्रीकरण करणाऱ्याला किमान तीन महिने कैद आणि तीन लाख दंड आहे. आधी तो वसूल करा! आणि मराठी सिनेमा विटा-फलटणला परवडणाऱ्या तिकिटात, पहिल्याच आठवड्यात लावा.

— एक सिनेमाप्रेमी, सांगली