सिस्टर बोलली, पण ऐकलं कोणी?

नोकरीची पहिलीच वर्षं होती. तालुक्याच्या गावातलं हॉस्पिटल. वॉर्डातल्या एका बाईंनी सकाळीच मला सांगून ठेवलं होतं, "सिस्टर, मला पेनिसिलिन चालत नाही हं." दुपारी डॉक्टरांनी केसपेपरवर अॅम्पिसिलिन लिहिलं. तेही पेनिसिलिनच्याच घराण्यातलं. मला खटकलं. हळूच विचारलं, "सर, हेच द्यायचं ना?"

"लिहिलंय ना? मग?"

मी गप्प बसले आणि इंजेक्शन दिलं. पाचच मिनिटांत बाईंच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला. अॅड्रिनॅलिन वेळेवर दिलं म्हणून त्या वाचल्या.

आज निवृत्त झाले, तरी ती दुपार काही विसरत नाही. मी विचारलं होतं, पण सांगितलं नव्हतं. 'त्यांना पेनिसिलिनची अॅलर्जी आहे' हे चार शब्द घशातच राहिले. मोठ्यांपुढे बोलू नये, हे माहेरी शिकलो, सासरी गिरवलं, तेच वॉर्डातही चालू!

असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २००५ मध्ये इंग्लंडमध्ये एलेन ब्रोमिली या ३७ वर्षांच्या बाई सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी दाखल झाल्या. भूल दिल्यावर श्वासमार्ग बंद झाला. अनुभवी डॉक्टर घशातून नळी घालायच्या प्रयत्नात गुंतून गेले. एका नर्सने गळ्याला छेद देऊन श्वास सुरू करायचं साहित्य आणून ठेवलं, तसं सांगितलंही. दुसरीने आयसीयूत खाट मिळवली. दोघींकडेही कुणाचं लक्ष गेलं नाही. पुढे ठासून कसं बोलावं, हे नर्सना समजेना. तेरा दिवसांनी एलेन गेल्या. घरी दोन लहान मुलं.

त्यांचे पती मार्टिन हे वैमानिक. विमानात कॅप्टन चुकत असेल तर हाताखालच्याने स्पष्ट बोलायचं आणि कॅप्टनने ऐकायचं, याचं रीतसर प्रशिक्षण असतं. दवाखान्यात ते का नाही, या विचाराने त्यांनी २००७ मध्ये डॉक्टर-नर्सना सोबत घेऊन संस्था काढली.

हे प्रशिक्षण म्हणजे फार अवघड काही नाही. तीन पायऱ्यांची वाक्यं असतात. "मला काळजी वाटते." ऐकलं नाही तर, "मला हे बरोबर वाटत नाही." तरीही नाही तर, "पेशंटला धोका आहे, थांबा." एकदा दुर्लक्ष झालं तर पुन्हा सांगायचं. पाठ करायचं, सराव करायचा. आम्हाला संत्र्यावर सुई टोचून इंजेक्शन शिकवलं, पण 'थांबा' म्हणायला कोणी शिकवलं नाही.

पण माझं म्हणणं याच्याही पुढचं आहे. नुसतं नर्सला 'बोल' म्हणून भागणार नाही. ऐकणाऱ्यालाही शिकवायला हवं. "बरं झालं सांगितलंत सिस्टर, बघूया," एवढं डॉक्टर म्हणाले, तर पुढच्या वेळी ती आपणहून बोलेल. खेकसले, तर वर्षभर तोंड उघडणार नाही. आणि त्याची किंमत खाटेवरचा माणूस मोजतो.

मैत्रिणींनो, तुमची लेक नर्सिंगला असेल तर तिला ही तीन वाक्यं नक्की सांगा. आणि उद्या तुमचं माणूस दवाखान्यात असेल, तर तुम्हीही म्हणा, "सिस्टर, कसलं इंजेक्शन? यांना अमुक चालत नाही." त्यात उद्धटपणा कसला? माझ्या त्या बाईंनी तर सांगितलं होतं. कमी पडले ते आम्ही.