ययातीची सून

वाचकहो, ज्या कथेचा शेवट आपणांस लहानपणापासून ठाऊक आहे, तीच कथा कादंबरीच्या रूपाने पुन्हा का वाचावी? बंगळूरच्या जयनगरात एका सायंकाळी शेजारच्या वृद्ध कन्नड गृहस्थांनी मला हा प्रश्न केला. माझ्या हाती वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ होती.

मूळ कथा महाभारताच्या आदिपर्वातील. शुक्राचार्यांच्या शापाने ययातीस अकाली वार्धक्य आले. ते घेऊन आपले तारुण्य द्यावे, अशी विनवणी त्याने पाचही पुत्रांना केली. चौघांनी नाकारले, धाकट्या पुरूने मात्र मान्य केले. सहस्र वर्षे भोग भोगूनही वासना शमत नाही, हे उमगल्यावर राजाने पुत्राचे तारुण्य परत केले व राज्यही त्यालाच दिले. पुरूची पितृभक्ती वाखाणून पुराणिक येथेच पोथी बांधून ठेवतो.

१९५९ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत खांडेकर ती पोथी पुन्हा उघडतात. येथे ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी स्वमुखाने सांगतात. त्यामुळे राजाचे सुख वाचीत असतानाच, त्या सुखासाठी दोन स्त्रियांना काय सोसावे लागले, तेही आपल्यापुढे येते. मूळ कथेतून लवकर निघून जाणारा कच येथे संयमाची मूर्ती होऊन अखेरपर्यंत वावरतो. १९६० साली या कादंबरीस साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले, आणि १९७४ साली खांडेकरांच्या रूपाने ज्ञानपीठ पुरस्कार प्रथमच मराठीकडे आला.

हे ऐकून शेजारी म्हणाले, “आमच्या कन्नडातल्या ययातीला एक सूनही आहे!”

त्यांचा रोख गिरीश कार्नाड यांच्या १९६१ सालच्या ‘ययाति’ नाटकाकडे होता. कार्नाड तेव्हा अवघे तेवीस वर्षांचे होते. त्यांनी पुरूला चित्रलेखा नावाची नवपरिणीत पत्नी दिली. पतीने तारुण्य देऊन टाकले. तिला कोणी विचारलेच नाही. तिच्या प्रश्नापुढे सासरा निरुत्तर होतो, आणि ती विष घेते, तेव्हा कोठे त्याचे डोळे उघडतात.

क्षणभर थांबून ते गृहस्थ सावकाश म्हणाले, “आमच्या धाकट्याने आमच्यासाठी दूरची चांगली नोकरी नाकारली. त्याचे कौतुक मी चारचौघांत पुष्कळ केले. सूनबाईंना काय वाटले, ते मात्र आजवर विचारले नाही.”

मला काही उत्तर सुचले नाही. बहुधा त्यांना ते नकोही होते. परंतु त्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यांनीच दिले होते. जुन्या कथेत त्याग करणाऱ्याचे नाव राहते. त्या त्यागाची झळ ज्यांना लागली, ती माणसे पडद्याआड असतात. नव्या काळचा लेखक त्यांना बोलावयास लावतो. कथेचा शेवट ठाऊक असूनही आपण वाचीत राहतो, ते त्यांचे बोलणे ऐकण्यासाठी.

वाचकहो, ‘ययाति’ आपण पूर्वी वाचलीही असेल. या वेळी ती घरात मोठ्याने वाचावी. थोरांनी वाचावी, मुलासुनांनी ऐकावी, आणि मग वाचणारे व ऐकणारे बदलावेत. पुरू होकार देतो त्या ठिकाणी पुस्तक किंचित बाजूला ठेवून घरातील प्रत्येकाचे मत विचारावे. ज्याने आजवर सर्वांत कमी बोलले असेल, त्याला प्रथम विचारावे.