हातोडा शोधता शोधता

मेटल डिटेक्टर हाती आला की हौशी माणूस आधी काय करत असेल, तर लोखंड गाळतो. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंची गाळणी, चढवलं की गंजके खिळे गप्प होतात. आणखी चढवलं की कोल्ड्रिंकच्या डब्याची कडीही. पण त्या अॅल्युमिनियमच्या कडीचा आणि नाजूक सोन्याच्या अंगठीचा पडद्यावरचा आकडा जवळपास सारखाच! सुक्याबरोबर ओलंही जळतं. सेन्सिटिव्हिटी कमाल ठेवावी, तर खनिजं भरलेल्या जमिनीवर यंत्र नुसतं किरकिरतं. म्हणून जाणते आधी यंत्र जमिनीतल्या खनिजांशी जुळवून घेतात, म्हणजे ग्राउंड बॅलन्स साधतात, सेन्सिटिव्हिटी किरकिर थांबेल इतकीच उतरवतात आणि गाळणी सैल ठेवून कान तयार करतात. इंग्लंडातल्या सफोक परगण्यात, हॉक्सन गावी, १९९२ साली एरिक लॉज निघाले होते ते शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला. हातोडा शोधायचा तर लोखंड गाळून कसं चालेल? सापडली रोमन काळातली सुमारे १५,००० नाणी आणि दागिने. थोडं हाती लागताच त्यांनी खणणं थांबवून कळवलं. बाकीचा ठेवा पुरातत्त्वज्ञांनी जागच्या जागी नोंदवत काढला. हातोडाही सापडला, आणि तोही ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. कधी थांबायचं, ही सेटिंग मात्र यंत्रावर नसते.