दहा हजार पावले आणि एक सायकल

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याने माझ्या मनगटावर एक घड्याळ बांधले आणि त्या घटकेपासून माझ्या जिवाची शांतता गेली. घड्याळ दिसायला अगदी गरीब. काळा पट्टा, काळी काच. पण नुसती वेळ सांगून गप्प बसणारे ते नव्हते.

"मामा, हे तुमची पावलं मोजतं," भाचा म्हणाला. "रोज दहा हजार झाली पाहिजेत. झाली की ते स्वतःच शाबासकी देतं."

शाबासकीची मला गरजच होती. त्याआधी दोन महिने डॉक्टरांनी माझ्या रक्तातील साखरेचा मागच्या तीन महिन्यांचा हिशेब काढला होता. तो निघाला ६.२. "मधुमेह अजून नाही," ते म्हणाले, "पण उंबरठ्यावर उभे आहात." माझे वडील याच उंबरठ्यावरून आत गेले आणि अखेरची काही वर्षे पायाच्या एका जखमेशी भांडत राहिले. ते मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. तेव्हा मी अडगळीतली सायकल बाहेर काढली, तिला तेलपाणी केले आणि रोज पहाटे फैजपुराहून सावद्याच्या दिशेने पाच किलोमीटर जायचे आणि वळून परत यायचे, असा नेम धरला. दोन्ही हातांना केळीच्या बागा, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. नेम छान चालला होता.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी घड्याळ बांधून दहा किलोमीटर सायकल हाणली, घामाघूम होऊन घरी आलो आणि मोठ्या उमेदीने काचेकडे पाहिले. पावले तीनशे बारा!

स्वयंपाकघरात त्या वेळी भरिताची तयारी चालली होती. काड्यांच्या जाळावर भाजलेली वांगी लाकडी भांड्यात मुसळीने ठेचल्याखेरीज खानदेशात त्याला कोणी भरीत म्हणत नाही. भाच्याने गंमत म्हणून ते घड्याळ मामीच्या हातात बांधले. भरीत होईपर्यंत तिची सातशे चाळीस पावले झाली होती!

"अहो, तुम्ही दहा किलोमीटर हिंडून आलात ना?" ही म्हणाली. "मग मी कुठे जाऊन आले?"

वाचकहो, यात घड्याळाचा काही अपराध नाही. बिचाऱ्याला पाय दिसतच नाहीत. हात कसा हलतो, एवढे ओळखणारी एक सूक्ष्म यंत्रणा त्याच्या पोटात असते. चालताना हात ठेक्यात झुलतो. त्या ठेक्यावरून ते पावलांचा अंदाज बांधते. सायकलीवर पाय गरगर फिरत असतात, पण हात मुठीवर स्वस्थ. घड्याळाच्या मते गृहस्थ खुर्चीत बसला आहे! मग माझी ती तीनशे बारा पावले कुठली? ती रस्त्यातल्या खड्ड्यांची शिरगणती असावी, असा माझा दाट संशय आहे.

एवढे समजल्यावर शहाण्या माणसाने घड्याळ कपाटात ठेवले असते. मी सायकल ठेवली. दहा हजारांची ओढ भलतीच वाईट. मी पायी फिरू लागलो. रात्री आकडा अपुरा पडला की माजघरातून ओसरीपर्यंत येरझारा घालू लागलो. एकदा तर घड्याळ पायाच्या घोट्याला बांधून सायकल चालवून पाहिली. त्याने पायडलाचे फेरे पावलांत धरले खरे, पण वाटेत भेटलेल्या माझ्याच एका विद्यार्थ्याने, "सर, पैंजण?" असे ज्या नम्रपणे विचारले, त्यानंतर तो प्रयोग बंद पडला. तीन आठवड्यांनी उजवा गुडघा बोलू लागला आणि सायकलीची साखळी गंजली.

या दहा हजारांची जन्मकथा तर मला फार पुढे कळली. १९६४ साली टोकियोला ऑलिंपिक सामने झाले. पुढच्याच वर्षी जपानात कमरेला अडकवायचे पावले मोजणारे यंत्र विक्रीला आले. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. ऐकायला गोल, लक्षात राहायला सोपे. दुकानातले नाव जगाचे आरोग्यशास्त्र होऊन बसले! पुढे २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या पाहणीत असे आढळले की, चालणे वाढेल तसा मृत्यूचा धोका कमी होत जातो, पण साडेसात हजारांच्या आसपास ही घट थांबते. म्हणजे मी रात्री माजघरात मारलेल्या शेवटच्या फेऱ्या वहाणा झिजवण्यापलीकडे फारशा उपयोगी नसाव्यात.

शेवटी भाच्याला फोन केला. तो हसला. "मामा, सायकल चालवताय हे तुम्ही त्याला सांगितलंत का?"

सांगावे लागते, हे मला कोणी सांगितले होते? निघण्यापूर्वी त्यात सायकलीचे चित्र निवडायचे. मग ते पावलांचा नाद सोडून अंतर, वेळ आणि नाडी यांचा हिशेब धरते. घड्याळाच्या पाठीशी एक हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषते. प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालचे रक्त वाढते, ओसरते, आणि परत येणाऱ्या उजेडावरून ठोके मोजले जातात. २२० मधून वय वजा केले की नाडीची कमाल मर्यादा ढोबळपणे मिळते. माझे वय ४६, म्हणून १७४. तिच्या निम्म्याच्या वर, म्हणजे ८७ च्या पुढे, नाडी गेली की मध्यम व्यायाम झाला, असा साधारण नियम. मोठ्या माणसाने आठवड्यातून असा व्यायाम निदान १५० मिनिटे करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिथे चालणे आणि सायकल एकाच पंगतीला बसतात. पावलांच्या खात्यात मात्र सायकलीला पाटच नाही. चूक माझी; मी चुकीच्या खात्यात पैसे भरून पासबुकावर रुसलो होतो.

आम्हां शिकवणाऱ्या मंडळींना खरे तर हे कळायला हवे होते. आमच्याही कामाचे गुण मांडणारे तक्ते असतात, आणि तास संपल्यावर एखाद्या मुलीला अडलेली ओवी उलगडून सांगण्यात गेलेला अर्धा तास कोणत्या रकान्यात लिहायचा, हे मला अजून सापडलेले नाही.

सायकल पुन्हा सुरू झाली. या दिवाळीआधी रक्त तपासले; ५.९. घड्याळ रोज माझी चाळीस मिनिटे बघते आणि त्यांतली बरीच नापास करते, कारण वारा पाठीशी असला की मी पायडल सोडून केळीचे घड बघत बसतो. तेही त्याच्या लक्षात येते.

गेल्या महिन्यात मात्र एक गोष्ट घडली. आमच्या महाविद्यालयातील एक शिपाई, त्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, सात किलोमीटरवरच्या खेड्याहून रोज काळ्या सायकलीने येतात. वय सत्तावन. सकाळी कॅरियरला डबा, संध्याकाळी गवताचा भारा. मी हौसेने घड्याळात त्यांचे वय घातले, ते त्यांच्या हाती बांधले, चित्र कसे निवडायचे ते दाखवले आणि म्हटले, "दोन दिवस वापरा."

तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले. मी आकडे पाहिले. दोन दिवसांत एकशे एकोणीस मिनिटे! मला एवढ्याला आठवडा लागतो. मी त्यांचे मनापासून अभिनंदन केले.

"काल संध्याकाळी घरी पोचलो तर हे थरथरलं, वर फुलं उडाली," नाना म्हणाले. "नातू म्हणाला, आजोबा, तुमचा व्यायाम झाला. मी म्हटलं, व्यायाम कसला, मी ड्युटीवरून आलोय." मग जरा थांबून त्यांनी विचारले, "सर, घरी गेल्यावर म्हशीचं करतो, पाणी ओढतो, ते यात धरलंय का?"

मी पुन्हा बोटाने काच सरकवून पाहिले. पावले थोडी दिसत होती. बाकी काही नव्हते.

"नाही धरलेलं, नाना."

"मग अपुरंच आहे म्हणा," ते म्हणाले. दुसऱ्या तासाची घंटा द्यायची वेळ झाली होती. घड्याळ माझ्या हातात ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत ते लगबगीने निघून गेले.