कॉलरची ताठ मान

माणसाची मान ताठ असावी की नम्र, हा वाद संतांवर सोपवू. शर्टाची कॉलर मात्र ताठच हवी, यावर आम्हा बँकेतल्या कारकुनांचं एकमत आहे. पण शिरूर-दौंड एसटीत पुढच्या बाकांवरच्या माना जरा न्याहाळा. चार धुण्यांत कॉलरवर तळलेल्या पापडासारखे फोड! कारण आतलं बकरम शिवलेलं नसतं, उष्णतेनं चिकटवलेलं असतं. उष्णता, दाब आणि वेळ यांचा ताळेबंद जुळला तर तेही टिकतं. घाई झाली की कापड राहतं जागेवर, बकरम आटतं आणि गोंद मध्यस्थी सोडून पळतो.

जुना शिंपी बकरम आधी पाण्यात भिजवून वाळवायचा. आटायचं ते आधीच आटून घे, बाबा! वरचं कापड खालच्यापेक्षा सूतभर मोठं ठेवायचा, म्हणून टोकं निमूटपणे खाली वळत. शिवाय झिजलेली कॉलर उसवून उलटी लावली, की मुदत ठेवीचं नूतनीकरण! एका बाजूनं चिकटवलेली कॉलर उलटून पाहा; वर येतं ते लोंबतं कापड.

तेव्हा मंडळी, शिलाईत दहा रुपयांची घासाघीस नंतर करा. आधी विचारा, "दादा, बकरम भिजवलं का?" त्यांनी मान खाली घातली, तर आपलं कापड उचला आणि पुढचं दुकान गाठा.