रिमोटनं बंद, पण मीटर सुरू

इंदूर-पुण्याला नोकरी लागली की कन्नौदच्या घरी आई-बाबांसाठी चांगली म्युझिक सिस्टीम घ्यावी, असं आपल्यातल्या अनेकांना वाटतं. देवास जिल्ह्यातलं घर आणि त्यात कुमारजींचं गाणं नीट ऐकू येऊ नये, हे मलाही पटत नाही. सिस्टीम जरूर घ्या. फक्त ती वाजत नसताना किती वीज खाते, तेही दुकानात विचारा.

रिमोटनं बंद केलेलं यंत्र स्टँडबायवर असतं. युरोपात 2013 पासून साध्या स्टँडबायला अर्ध्या वॅटची मर्यादा आहे, त्यामुळे मोठ्या कंपन्यांच्या नव्या यंत्रांत हा खर्च नगण्य असतो. पण वायफायवरून यंत्र जागं करायची सोय चालू ठेवली की खर्च काही वॅटवर जातो. एक वॅट वर्षभर चालला तर पावणेनऊ युनिट होतात.

खरी खादाड मंडळी म्हणजे मोठे ॲम्प्लिफायर. क्लास-ए प्रकारात गाणं असो वा शांतता, वीज सारखीच वाहते. प्रत्येक बाजूला 25 वॅट देणारा असा ॲम्प्लिफायर कमीत कमी 100 वॅट सतत ओढतो, आणि गाणं नसताना ती सगळी वीज उष्णता होते. नेहमीचा क्लास-एबी कमी खातो, तरी मोठा असेल तर नुसता चालू ठेवल्यावर 50-60 वॅट सहज जातात. ‘गरम राहिला की आवाज खुलतो’ म्हणून काही शौकीन तो दिवसरात्र चालू ठेवतात. माझ्या मते ऐकण्याच्या अर्धा तास आधी सुरू केला तरी पुरतं.

आता आपल्याकडचा हिशेब. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेत महिन्याला 150 युनिटपर्यंत वापर असेल, तर पहिले 100 युनिट 100 रुपयांत मिळतात. समजा, दोघंच राहतात आणि 120 युनिट लागतात. 60 वॅटचा ॲम्प्लिफायर महिनाभर चालू राहिला की 43 युनिट वाढले, एकूण 163. म्हणजे जास्तीच्या युनिटांचे पैसे द्यायचे आणि त्या महिन्याची सवलतही गमवायची!

उष्णतेचं नुकसान वेगळंच. यंत्रातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. माळव्यातला मे महिना, काचेचं दार लावलेलं शोकेस आणि वर क्रोशाचा रुमाल, मग यंत्र टिकणार कसं? ॲम्प्लिफायर उघड्या फळीवर ठेवा, वर वीतभर जागा सोडा, त्याच्यावर दुसरं यंत्र रचू नका.

पुढच्या वेळी घरी गेलात की हे करून बघा. फ्रिजसकट सगळं पाच मिनिटं बंद करा, फक्त सिस्टीमचा प्लग चालू ठेवा आणि मीटरचा लाल दिवा बघा. मीटरवर 3200 इम्पल्स लिहिलं असेल आणि दिवा 19 सेकंदांनी लुकलुकत असेल, तर खर्च 60 वॅट. दोन मिनिटांनी लुकलुकला, तर दहाच्या आसपास.

शेवटी, स्विचबोर्ड सोफ्यामागे लपवू नका. बाबांना न वाकता हात पोचेल अशा उंचीवर सिस्टीमसाठी वेगळं बटण बसवून घ्या. गाणं संपलं की खट्, बंद!