एक सत्र युरोपात, वर्ष मात्र वाया नको

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे युरोपातल्या विद्यापीठांशी सामंजस्य करार होतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण एखादी विद्यार्थिनी त्या कराराखाली खरोखरच एक सत्र शिकायला निघाली, की अर्जापासून परतल्यावरच्या गुणपत्रिकेपर्यंत सगळी धावपळ तिच्या एकटीच्या गळ्यात पडते. विद्यार्थी-विनिमय हा दोन संस्थांमधला व्यवहार आहे. तो संस्थांनीच निभावला पाहिजे. त्यासाठी हे मुद्दे.

1. श्रेयांकांचा निर्णय निघण्याआधी हवा. युरोपीय संघाची इरॅस्मस योजना 1987 मध्ये सुरू झाली. तिच्यातल्या श्रेयांक-विनिमयात 2015 पासून भारतीय विद्यापीठांनाही भागीदार होता येतं. या योजनेचा कणा म्हणजे लर्निंग अ‍ॅग्रीमेंट. त्यात दोन तक्ते असतात. पहिल्यात तिकडे शिकायचे विषय, दुसऱ्यात त्यांच्या बदल्यात इथले कोणते श्रेयांक मिळणार ते. खाली विद्यार्थिनी, आपलं विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या. पहिला तक्ता ती स्वतः भरू शकते, दुसरा नाही. तिथे विभागप्रमुखांनी आणि परीक्षा विभागाने शब्द द्यायचा असतो. ‘आल्यावर बघू’ असं म्हणून तो मोघम ठेवला, तर परतल्यावर तेच पेपर पुन्हा द्यायची वेळ येते. दुसरा तक्ता पक्का झाल्याशिवाय कुणाला पाठवू नये, असा नियमच करावा.

2. हिशेबाचं सूत्र एकच असावं. युरोपात पूर्ण सत्राला 30 श्रेयांक, एका श्रेयांकामागे 25 ते 30 तासांचा अभ्यास. आपल्याकडे 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार वर्षाला 40, म्हणजे सत्राला 20 श्रेयांक आणि प्रत्येकी 30 तास. तिकडचं पूर्ण सत्र म्हणजे इकडचं पूर्ण सत्र, हे धोरण विद्यापीठाने एकदाच ठरवावं. इथल्या अभ्यासक्रमाशी धडान्‌धडा जुळवत बसलं, तर वेगळं काही शिकायला पाठवण्याचा हेतूच बुडतो.

3. गुणांची रूपांतर-सारणी आधी जाहीर करावी. जर्मनीत 1.0 हा सर्वोत्तम गुण आणि 4.0 म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. फ्रान्समध्ये 20 पैकी 10 ला उत्तीर्ण, इटलीत 30 पैकी 18 ला. आपल्या 10 गुणांच्या श्रेणीची सवय असलेल्या टेबलावर जर्मनीतला 1.3 पोचला, तर सारणीशिवाय त्याचा अर्थ कसा लागणार? हुशार मुलीचं नुकसान केवळ एका कागदाअभावी होऊ नये.

4. वेळापत्रकाची सांगड घालावी. जर्मनीत हिवाळी सत्राची व्याख्यानं साधारण ऑक्टोबरमध्ये सुरू होतात आणि परीक्षा फेब्रुवारीपर्यंत जातात. तोवर आपल्याकडचं पुढचं सत्र बरंच सरकलेलं असतं. उपस्थितीत सवलत, अंतर्गत मूल्यमापनाची दुसरी संधी आणि बुडालेल्या प्रात्यक्षिकांची सोय आधीच लेखी ठरवता येते. विद्यार्थ्यांनीही तयारी वर्षभर आधी धरावी. नामांकन, यजमान विद्यापीठाचा अर्ज, भाषेचा दाखला, खोली आणि व्हिसा या पायऱ्या एकामागून एकच चढाव्या लागतात.

5. कागदपत्रं वेळेत मिळावीत. शेंगेन देशांत 90 दिवसांहून जास्त राहायचं तर त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा लागतो, आणि त्यासाठी प्रवेशपत्र, निधीचा पुरावा, विमा सगळं हाती असावं लागतं. अर्जाच्या वेळी मागच्या सत्राचा निकालच लागलेला नसेल, किंवा ट्रान्स्क्रिप्टसाठी लातूरच्या मुलाला विद्यापीठाच्या खिडकीवर चकरा माराव्या लागल्या, तर निवड होऊनही जागा हातची जाते. विनिमयाच्या विद्यार्थ्यांसाठी ठरावीक दिवसांत ट्रान्स्क्रिप्ट देणारी एक खिडकी असावी आणि तिथे जबाबदार अधिकाऱ्याचं नाव लिहिलेलं असावं.

6. पैशांमुळे कुणी मागे राहू नये. विनिमयात यजमान विद्यापीठाचं शिक्षणशुल्क सहसा माफ असतं, पण राहण्याखाण्याचा खर्च उरतोच. जर्मनीच्या व्हिसासाठी 2024 पासून दरमहा 992 युरोंची तजवीज दाखवावी लागते. रुपयांत ती लाखाच्या आसपास जाते. इरॅस्मसचा भत्ता मिळाला तर हे जमतं, नाहीतर शेतमजुराची किंवा रिक्षावाल्याची मुलगी अर्जच भरणार नाही. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती परदेशातल्या पदव्युत्तर आणि पीएचडीच्या पूर्ण अभ्यासक्रमांसाठी आहे. तिच्या जोडीला एका सत्रासाठी छोटी शिष्यवृत्ती सुरू केली, तर पूर्ण पदवीच्या मानाने थोड्या खर्चात बऱ्याच मुलांना जाता येईल.

7. संधी संलग्न महाविद्यालयांपर्यंत पोचावी. करार विद्यापीठाच्या नावाने होतात, पण बहुसंख्य मुलं शिकतात तालुक्याच्या कॉलेजांत. जागा किती, निकष काय, मुदत कधी हे प्रत्येक कॉलेजच्या फलकावर मराठीत लागलं पाहिजे, आणि निवडयादी गुणांसह जाहीर झाली पाहिजे.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. अधिसभेपुढे दरवर्षी विद्यापीठाचा वार्षिक अहवाल येतो. त्यात किती करार झाले एवढंच नको. किती विद्यार्थी गेले, त्यांतले संलग्न कॉलेजांचे किती, आणि परतल्यावर किती जणांचे सगळे श्रेयांक मान्य झाले, हे आकडेही हवेत. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे निवडून दिलेले प्रतिनिधी बसतात. पदवीधर मतदारांनी आपल्या प्रतिनिधीला येत्या बैठकीआधी हे तीन आकडे मागायला लावावेत.